टाचणातला उजवा रकाना

बी.एड.च्या पाठाचं टाचण लिहिताना वहीत दोन मोठे रकाने आखायचे असतात. डावीकडे ‘शिक्षक कृती’, उजवीकडे ‘विद्यार्थी कृती’. डावीकडे आपण वर्गात काय विचारणार ते लिहायचं आणि उजवीकडे मुलं काय उत्तर देणार ते. तेही मुलांचं तोंड बघायच्या आधी, घरी बसून, पट्टीनं रेघा मारून. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे दोन वर्षांत मी अशा वह्यांवर वह्या भरल्या आणि हसू कधी बंद झालं ते आता सांगता येणार नाही.

हे सगळं मी एका मुलीमुळे लिहिते आहे. ती आठवीत होती आणि तिला नववी त्याच शाळेत करायची होती. एवढीच तिची मागणी. ती पुरी करणं माझ्या हातात नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. ते खोटं आहे.

मी एकलहऱ्याची. वडील वीज केंद्रात होते, आम्ही वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये वाढलो. वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा थर बसायचा आणि आई तो रोज न चुकता शिव्या घालत झटकायची. इतिहास घेऊन एम.ए. केलं, मग बी.एड.ला आले. पाठाच्या दिवशी कॉलेजची ठरलेली साडी नेसायची, खांद्याला पर्स, एका हातात तक्त्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात गुंडाळफळा. कापडी काळा फळा, चटईसारखा गुंडाळायचा. तो घेऊन बसमध्ये चढलं की कंडक्टर विचारायचा, “मॅडम, कोणाला मारायला निघालात?” तेवढाच विनोद त्याला येत होता आणि तो त्यानं दोन वर्षं पुरवून वापरला.

आमच्या पद्धतीच्या मॅडम, म्हणजे सामाजिक शास्त्रं कशी शिकवायची ते शिकवणाऱ्या प्राध्यापिका, मनानं वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून त्या कोणी दुष्ट बाई होत्या असं वाटायला नको. आवाज गोड, अक्षर सुंदर, आजारी मुलींना स्वतःच्या डब्यातलं जेवण देणाऱ्या. वर्गातल्या विविधतेवर एक अख्खा पेपर होता, तो त्याच शिकवायच्या. वेगवेगळ्या जातींची, भाषांची, परिस्थितीची मुलं एका वर्गात कशी सांभाळायची, हा विषय. शिकवता शिकवता त्या थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. “तुम्ही सांगा ना. तुमचा अनुभव सांगा.”

माझा कसला अनुभव? माझे आजोबा शिकलेले. वडील ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन पेपर मोठ्यानं वाचायचे, आम्हाला मधूनच प्रश्न विचारायचे. विहारातल्या वक्तृत्व स्पर्धेत मी चार वर्षं पहिली आले. पण मॅडमना हे नको होतं. पहिल्या वेळी मी म्हणाले, विशेष काही नाही मॅडम. त्यांचा चेहरा पडला. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, जणू मीच काहीतरी दडवून ठेवलंय. दुसऱ्या वेळी मी सांगितलं. माठाला हात लावला म्हणून शाळेत शिक्षा झाली, असं सांगितलं. तसं झालं होतं, पण माझ्या मावशीला, तिच्या गावात, माझ्या जन्माच्या आधी. मी ते माझं म्हणून सांगितलं. मैत्रिणींच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी वहीत टिपून घेतलं आणि त्या वर्षी अंतर्गत मूल्यमापनात मला चांगले गुण मिळाले. लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी आंतरवासितेसाठी नाशिक रोडची एक शाळा मिळाली. आंतरवासिता म्हणजे काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवायचं, आणि मॅडम मागच्या बाकावर बसून निरीक्षण वहीत शेरे लिहिणार. माझ्या वाट्याला आठवीचा वर्ग आला. नोटांच्या प्रेसमधल्या नोकरदारांची नातवंडं, स्टेशनाबाहेर हातगाडी लावणाऱ्यांची मुलं, मालेगावकडून आलेली, बिहारमधून आलेली, सगळी एका खोलीत कोंबलेली. पुस्तकातल्या विविधतेला घामाचा वास नसतो, इथे दुपारच्या तासाला तो भरपूर होता. मला तो वर्ग आवडला.

ती मुलगी दिवाळीनंतर आली. शाळेच्या मागे एका मोठ्या इमारतीचं काम चाललं होतं. तिचे आईवडील तिथे मजूर, राहायला तिथेच पत्र्याच्या खोलीत. मूळ गाव सुरगाण्याकडचं. ही तिची पाचवी शाळा, असं वर्गशिक्षकांनी मला सांगितलं, तिच्यासमोरच, दप्तराचं वजन सांगावं तसं. ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि बोलायची नाही. तीन आठवडे मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

मग ‘स्थलांतर’ हा घटक आला. मॅडम निरीक्षणाला मागे बसलेल्या. मी डाव्या रकान्यातला प्रश्न विचारला, लोक आपलं गाव सोडून दुसरीकडे का जातात? उजव्या रकान्यात मी लिहून ठेवलं होतं, रोजगारासाठी, शिक्षणासाठी, नैसर्गिक आपत्तीमुळे. आणि ती हात वर न करताच उभी राहिली.

“आमी जगाया आलो, मॅडम.”

मुलं हसली. मी म्हणाले, “म्हणजे कसं? नीट सांग.”

“आमच्या तठं भात कापून झाला का काम नाय. मंग मुकादमाचा टेम्पो येतो. तो नावं घेतो. नाव घेतलं का चढायचं. दाराला काटी लावायची. म्हातारी घरीच ऱ्हाते. तिला दिसत नाय. तिला सांगायचं नाय कवा निघायचं, नायतर रडत बसते. ती भाकर खाया बसली का निघायचं.”

हसणं थांबलं. एवढ्यात मालेगावकडचा एक पोरगा उठला, “मॅडम, मना मामा सुरतमा शे.” मग कुणाचे आजोबा रेल्वेत हमाल म्हणून आलेले, कुणाची आई सिन्नरहून. सगळ्यांनाच काहीतरी सांगायचं होतं. एरवी बाकाखाली मोबाईल बघणारी पोरंसुद्धा वळून ऐकत होती. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा फळ्यावर मी फक्त एक शब्द लिहिला होता, स्थलांतर. मला वाटलं, जमलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण शिक्षक होऊ शकतो.

मॅडमनी वही माझ्या हातात दिली. प्रतिसाद टाचणानुसार नाहीत. विषयांतर. फलकलेखन अपूर्ण. मूल्यमापन झाले नाही. विद्यार्थिनीची भाषा दुरुस्त केली नाही. खाली सुंदर अक्षरात, ‘पाठ रद्द. पुन्हा द्यावा.’ आणि तोंडी म्हणाल्या, “पाठ भावनिक झाला तुमचा. परीक्षेला असं चालणार नाही हं.” परीक्षेचा पाठ म्हणजे वर्षाच्या शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन बघतात तो. तो गेला की वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. हसत होती. तिचे पुढचे दात थोडे आडवे होते, हे मला तेव्हाच दिसलं.

“मॅडम, मी चांगलं सांगितलं ना?”

मी म्हणाले, “तुझ्यामुळे माझा पाठ रद्द झाला.”

हे वाक्य मी तसंच्या तसं बोलले. कुणी ढकललं नव्हतं, रागाच्या भरातही नव्हते. फक्त रात्रभर नवीन टाचण लिहून मान अवघडली होती, एवढंच. तिनं हसू आवरलं, “हां मॅडम,” म्हणाली आणि नळावर पाणी प्यायला गेली.

परीक्षेच्या पाठाआधी आमच्यात एक रीत होती. सगळ्यांना माहीत, कुणी लिहून ठेवलेली नाही. उत्तरं वाटून द्यायची. पाच-सहा मुलं निवडायची, ज्याला त्याला त्याचं वाक्य द्यायचं, वर्गात तीनदा तालीम घ्यायची. दंगेखोर पोरांना त्या तासाला मैदानावर पाठवायचं. ओझरहून येणारी माझी मैत्रीण या कामात पटाईत. तिचे वडील विमानाच्या कारखान्यात, घरात शिस्तच शिस्त, तिची टाचणं छापल्यासारखी. मी कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, “अगं, त्यांना खरं उत्तर नको असतं, वेळेत उत्तर हवं असतं. तू उगाच क्रांती करू नकोस, आधी पास हो.” तिचं काय चुकलं होतं? ती आज एका चांगल्या शाळेत आहे आणि मुलांना आवडते असं ऐकते.

गुणदानाच्या तक्त्यात त्या वर्षी एक नवा मुद्दा आला होता, ‘वंचित घटकातील विद्यार्थ्यांचा सहभाग’. मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं, एक तरी असा विद्यार्थी बोलला पाहिजे, आणि परीक्षकांच्या लक्षात आलं पाहिजे. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमच्याकडे ती सुरगाण्याची आहे ना, चांगलं आहे. फक्त तयारी करून घ्या.”

परीक्षेच्या पाठालाही मी स्थलांतर हाच घटक घेतला होता. तयारी करून घेतली. रोज मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात उभं करायचं आणि म्हणायला लावायचं, रोजगाराच्या शोधात लोक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात, यास स्थलांतर म्हणतात. ती हुशार होती, दोन दिवसांत पाठ झालं. मी तिचं ‘नाय’ काढलं, ‘ऱ्हातात’ काढलं. मान वर करून, हसऱ्या चेहऱ्यानं, परीक्षकांकडे न बघता फळ्याकडे बघून बोलायचं, हेही शिकवलं. मला कॉलेजात उभं करून जे बोलायला लावलं होतं तेच मी तिला करायला लावत होते, आणि हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलंच कळत होतं. मला पास व्हायचं होतं.

एक दिवस वाक्य म्हणून झाल्यावर ती म्हणाली, “मॅडम, मला नववी हितंच करता यील का?”

“का नाही येणार?”

“साईट संपत आली. बाप म्हने आता पुन्याकडं जायाचं.”

“बघू,” मी म्हणाले. “मी बोलते हेडसरांशी. पण तू पाठाच्या दिवशी यायचंस हं. तुझ्याशिवाय माझा पाठ होत नाही.” यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. हेडसरांशी मी बोलले नाही. उद्या बोलू, पाठ झाल्यावर बोलू, असं करत राहिले.

परीक्षेचा दिवस. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, स्वभावानं प्रेमळ. मागे मॅडम. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं, फळ्यावर मुद्दे एकाखाली एक ओळीत उतरले. मी प्रश्न विचारला. सहा हात वर आले, तालमीत ठरले होते तेवढेच. चौथा नंबर तिचा. ती उभी राहिली, फळ्याकडे बघितलं आणि वाक्य म्हटलं. एक अक्षर चुकलं नाही. तेल लावून वेणी घालून आली होती, युनिफॉर्म धुतलेला.

परीक्षक खूश झाले. नियमानं त्यांनी मध्ये बोलायचं नसतं, पण त्यांना राहवलं नाही. “वा, बाळ. तू कुठली गं?”

“सुरगाना, सर.”

“अरे वा. मग तुमच्या घरातलं कुणी असं कामासाठी बाहेरगावी जातं का?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी खडू हातात धरून उभी होते. मी मान हलवू शकले असते. नुसतं ‘सांग’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, परीक्षकांनीच विचारलं होतं. मी घड्याळाकडे बघितलं. मूल्यमापनाला सात मिनिटं उरली होती.

“नाही, सर,” ती म्हणाली. ‘नाही’ अगदी स्वच्छ म्हणाली. “आमच्यात कोणी जात नाही.”

“छान,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं. नंतर मला कळलं की त्या मुद्द्याला मला पैकीच्या पैकी मिळाले.

घंटा झाली. परीक्षक आणि मॅडम चहाला गेले. मुलं बाहेर पळाली आणि मी हातावरचा खडू झटकत व्हरांड्यात आले तर फाटकाशी टेम्पो उभा. मागे गादीची वळकटी, घमेली, एक पत्र्याची पेटी, आणि बायामाणसं दाटीवाटीनं बसलेली. एक बारीकसा माणूस फाटकाच्या आत येऊन उभा होता. मला बघून त्यानं डोक्याचं फडकं काढलं.

“मॅडम, झाला का तुमचा पाठ?” तो तिचा बाप होता. “मंग नेऊ का हिला? कालच निघायचं व्हतं. पोरगी आयकंना. म्हने मॅडमचा पाठ माझ्याबिगर व्हत नाय. मुकादम लय बोलला. म्हून आजच्या दिस थांबलो.”

तिचं दप्तर पाठीला होतं. मी तिला बाजूला घेतलं. मला दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं, पण मी विचारलं, “सरांनी विचारलं तेव्हा ‘नाही’ का म्हणालीस?”

“खरं सांगितलं असतं तर परत रद्द झाला असता ना, मॅडम,” ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. तिनं मला मदत केली होती आणि ती मला समजलेली दिसत नव्हती, म्हणून ती समजावून सांगत होती.

मग मात्र मला भान आलं. कामासाठी गाव सोडून जाणाऱ्या मुलांना शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. ते दाखवलं की नव्या ठिकाणची शाळा दाखला वगैरे न मागता मुलाला वर्गात बसवून घेते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आदल्याच महिन्यात मी त्यावर मोठं उत्तर लिहिलं होतं, उपमुद्द्यांसकट. त्या मुलीला ते कुणी दिलं नव्हतं. तिच्या बापाला असं काही असतं हे माहीतही नव्हतं. ऑफिसात जाऊन क्लार्ककडून भरून घ्यायचं, सही-शिक्का घ्यायचा, दहा मिनिटांचं काम. ते नाही मिळालं तर नवीन गावात आठवीचा शेवट कुठली शाळा करू देणार होती तिला? पोरगी चौदा वर्षांची. एकदा तुटली की तुटली.

“पाच मिनिटं थांबा,” मी बापाला म्हणाले. “एक कागद देते. तो असला की तिला कुठंही शाळेत घेतील. जाऊ नका.”

“बरं मॅडम,” तो म्हणाला. ती टेम्पोच्या फळीवर अर्धी टेकून बसली, एक पाय खाली.

मी ऑफिसकडे वळले आणि व्हरांड्याच्या टोकावरून मॅडमनी हाक मारली. परीक्षक निघतायत, फोटो घ्यायचाय, तुम्हीच राहिलात, चला पटकन. मी म्हणाले, मॅडम, एक मिनिट. त्या म्हणाल्या, “अहो, ते तुमचंच कौतुक करतायत आत्ता. या.” मी गेले. खूप आवडलं मला ते, खोटं कशाला बोलू. आधी सगळ्यांचा एकत्र फोटो झाला. मग पद्धतीनुसार गट. मग परीक्षक म्हणाले, त्या स्थलांतरवाल्या बाईंना पुढे घ्या, म्हणून पुन्हा एक. कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून आणखी एक.

मी ऑफिसात गेलेच नाही. थेट फाटकाशी आले तेव्हा तिथे शिपाई एकटाच होता. मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, “गेले ते. मुकादम थांबंना. पोरगी दोनदा उतरली खाली, म्हणत होती मॅडम येणार हाय.”

मी मैत्रिणींना, आईला, पुढे नवऱ्यालाही हेच सांगत आले, की मी परत येईपर्यंत टेम्पो निघून गेला. सगळे हळहळतात आणि म्हणतात, तुझा काय दोष. तो फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. पहिल्या रांगेत मधोमध मी, हसते आहे. फोटो काढणारा फाटकाकडे पाठ करून उभा होता, म्हणजे आम्ही सगळे फाटकाकडे तोंड करून उभे होतो. टेम्पो सुरू झाला तेव्हा मला दिसला होता.